बोटीवरचे काका

डिचोली तालुक्यात दर वाड्यावर एक तरी माणूस ‘बोटीवर’ असतो. आमोण्यात आमच्या वाट्याला आलेले काका आधी मांडवीत बार्जवर होते. २०१२ साली खाणी बंद पडल्या, बार्ज धक्क्याला लागल्या आणि काका एका क्रूझच्या किचनमध्ये रुजू झाले. बार्जवरून ते घरी लाल धूळ आणत, बोटीवरून चीजचं वेड घेऊन आले. धूळ निदान झाडता येत होती, असं काकीचं मत आहे.

सुटीवर आलेला बोटीवाला ओळखणं सोपं. गुडघ्याखाली संपणारी पॅन्ट, डोक्यावर बोटीच्या नावाची टोपी आणि तोंडात सतत ‘आमच्याकडे’. ‘आमच्याकडे’ म्हणजे बोटीवर. ‘तुमच्याकडे’ म्हणजे आमोण्यात, त्यांच्या स्वतःच्या घरात.

त्या घरात फ्रीज एकच. त्यात बांगडे, सुंगटं, खोवलेला नारळ आणि कालच्या हुमणाचं पातेलं सुखाने नांदत होतं. काकांनी आल्या आल्या भाजीचा खण ताब्यात घेतला. तिथे थंडावा फार कडक नसतो आणि दमटपणा टिकतो, म्हणून चीजची जागा तीच. वालीच्या शेंगा टोपलीत गेल्या. फ्रीजच्या दारात चीज ठेवणाऱ्याला तर काका माणसात धरत नाहीत. दाराची उघडझाप झाली की तिथलं तापमान सारखं वरखाली होतं.

मग गुंडाळणं. चेडर बटर पेपरमध्ये, वरून सैल पिशवी. नुसतं प्लास्टिक आवळलं तर चीज घामेजतं, उघडं ठेवलं तर वाळतं, शिवाय शेजारच्या बांगड्याचा वास उचलतं. निळ्या बुरशीचं चीज फॉइलमध्ये, वेगळ्या डब्यात, नाहीतर त्याची बुरशी आळीभर हिंडते. ताजं मोझरेला पाण्यात बुडवलेलं. हे पाणी काका इतक्या निष्ठेने बदलतात, की तुळशीला पाणी घालायचं त्यांना कधी आठवत नाही, ते काकीने बोलून दाखवलंच.

एकदा चेडरवर हिरवा ठिपका दिसला. काकी ते कचऱ्यात टाकणार, तोच काका सुरी घेऊन धावले. घट्ट चीज असेल तर ठिपक्याभोवतीचं आणि खालचं इंचभर कापायचं, बाकीचं खुशाल खायचं; मऊ असेल तर मात्र सगळंच फेकायचं. “पावाला बुरशी आली तर मला बोलता, आणि ह्याची शस्त्रक्रिया करता!” काकी म्हणाली.

खरा भडका उडाला तो सोमवारी. सोमवार म्हणजे घर शिवराक. काकांनी पार्मेझान किसायला घेतलं. काकीने सहज विचारलं, “ह्यात अंडं नाही ना?”

“अंडं कुठलं! दूध, मीठ आणि वासराच्या पोटातलं रेनेट,” काका अभिमानाने म्हणाले. ज्ञानी माणसाला कुठे थांबावं हे कळत नाही.

“वासराच्या?” काकीच्या हातातली पळी तिथेच राहिली. “पयलीं तें भायर काडात!”

त्याच संध्याकाळी पार्मेझान साखळीला रवाना झालं. तिथे एका बोटीवाल्या मित्राच्या फ्रीजमध्ये ते अज्ञातवासात आहे. मित्राच्या बायकोला रेनेटचं अजून कोणी सांगितलेलं नाही. अमूलचं रेनेट शाकाहारी असतं, तेच आणा, असं काकीने सुचवून पाहिलं. पण प्रोसेस्ड चीजला काका चीज मानत नाहीत. वितळवून पुन्हा थिजवलेलं, पिकत नाही आणि मरतही नाही, असं म्हणून ते विषय संपवतात. काकीने नातवंडांसाठी आणलेले क्यूब मात्र फ्रीजच्या दारात, मुद्दाम.

आता काका पुन्हा कॉन्ट्रॅक्टवर गेले आहेत. जाताना फ्रीजवर सूचनांचा कागद चिकटवून गेले. दर रविवारी बोटीवरून व्हिडिओ कॉल येतो. नातवंडांची चौकशी अर्धा मिनिट, मग, “जरा खण दाखव गो.” काकी मोबाइल घेऊन फ्रीजकडे निघते, आणि नेमकं तेव्हाच आमोण्याचं नेटवर्क जातं. खणात सध्या वालीच्या शेंगा आहेत.