ब्रॅकेटला तीन भोकं

नवी गाडी येतेय. कंपनीने तसं अजून म्हटलेलं नाही, हा भाग वेगळा. पण भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये एक ब्रॅकेट बनतंय, त्याला तीन भोकं आहेत, आणि तेवढ्यावरून खेड शिवापूरच्या अलीकडच्या टपरीवर बाकीची गाडी उभी राहिली आहे. ट्विन सिलिंडर, पाचशे सीसी, पुढे अर्धं फेअरिंग, उंच काच, क्रूझ कंट्रोल, मागे दोन्ही बाजूंना पेट्या. आणि किंमत? ‘साडेतीनच्या आत बसवतील. बसवावीच लागेल.’

ब्रॅकेटची बातमी ज्याने आणली त्याचा मेहुणा व्हेंडरकडे आहे. पिंपरी, भोसरी, चाकण या पट्ट्यात प्रत्येकाचा एक मेहुणा व्हेंडरकडे असतोच. एकाचा मडगार्ड करतो, एकाचा सीटचा फोम, एकाचा वायरिंग. कंपनीत गुप्ततेचे करार, मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर, गेटवर झडती. आणि बाहेर हे सगळे मेहुणे एका साखरपुड्याला जमले की मठ्ठा येईपर्यंत पंगतीत अख्खी गाडी जोडून तयार.

नवख्यांसाठी सांगतो, ही गाडी ‘स्पोर्ट टूरर’ आहे. म्हणजे घाटात वळणावर झोपवता आली पाहिजे, पण घरी आल्यावर कंबर धरता कामा नये. ताशी दीडशेला हलता कामा नये आणि मागे बसलेल्या बायकोला डुलकी लागली पाहिजे. दणकट हवी, वजन नको. शिवाय तिने चाळीस द्यायला हवेत, कारण सिग्नलला शेजारी थांबलेला रिक्षावाला ‘किती देते?’ विचारणारच आणि तिथे मान खाली जाता कामा नये. या सगळ्या अटी आजवर एकाच प्रकारच्या गाडीने पूर्ण केल्या आहेत: न आलेल्या.

मग फोटो आला. चाकणच्या तळेगाव चौकात काढलेला. काळ्या-पांढऱ्या नागमोडी नक्षीच्या स्टिकरात गुंडाळलेली गाडी, वर हेल्मेटवाला. चौकात नेहमीचा जाम होता, म्हणजे गाडी ताशी शून्य किलोमीटर वेगाने धावत होती. तरी फोटो हललेला आहे, कारण काढणाऱ्याचा ऊर भरून आला होता.

आयटीवाल्याने फोन आडवा धरून फोटो मोठा केला. हा माणूस वीस किलोमीटरवरच्या मिसळीसाठी गुडघ्याला, कोपराला आणि पाठीला चिलखत घालून निघतो. ‘हा बघा रेडिएटर.’ मामा म्हणाले, ‘ती मागच्या टेम्पोची जाळी आहे.’ काकांनी चष्मा कपाळावर चढवला. काकांकडे एकेकाळी राजदूत ३५० होती. हाय टॉर्कवाली, लो टॉर्कवाली नव्हे. हे वाक्य ते स्वतःच्या नावाआधी सांगतात. ‘सायलेन्सर एकाच बाजूला दिसतोय. म्हणजे ट्विनच.’ आणि दोन्ही बाजूंना असता तर? ‘मग तर ट्विनच.’ त्यानंतर अर्धा तास गाडीच्या मागे बांधलेल्या चौकोनी वस्तूवर गेला. ती कंपनीकडूनच बसवून आलेली पेटी आहे, ॲल्युमिनियमची आहे आणि तिच्यात हेल्मेट मावतं, इथपर्यंत एकमत झालं. मामा म्हणाले, ‘टेस्ट रायडरचा डबा असेल.’

मामांचं कोणी मनावर घेत नाही. त्यांचं गॅरेज आहे, ते अस्तित्वात असलेल्या गाड्या दुरुस्त करतात, त्यामुळे त्यांची नजर कोती झाली आहे. तीन भोकांचं ब्रॅकेट रिक्षालाही लागतं, असं ते मागे एकदा बोलून गेले. त्यावर ‘बघा, कंपनीने काय गुप्तता राखली आहे, रिक्षाच्या नावाखाली बनवून घेताहेत’ असा खुलासा तिथल्या तिथे झाला.

मामा २०१४ विसरलेले नाहीत, हीच अडचण आहे. त्या फेब्रुवारीत ग्रेटर नोएडाच्या ऑटो एक्स्पोत बजाजने पल्सर सीएस४०० आणि पल्सर एसएस४०० अशा दोन गाड्या चबुतऱ्यावर ठेवल्या. पहिली धिप्पाड, दूरच्या प्रवासाची. दुसरी पूर्ण फेअरिंगवाली, धावणारी. तिथून पुढे जवळजवळ तीन वर्षं आमची टपरी दुसरी गाडी न घेता बसून राहिली. सीएस४०० ची अफवांमध्ये आधी व्हीएस४०० झाली, मग क्रॅटोस झाली. आमच्यातल्या एकाने क्रॅटोस लिहिलेली की-चेन करून घेतली. चावी तेवढी यायची राहिली. कारण १५ डिसेंबर २०१६ ला बाजारात आली ती डॉमिनार. ३७३ सीसी, ३५ पीएस, १८२ किलो. किंमत १ लाख ३६ हजार, एबीएस हवं तर दीड लाख. तेव्हाच्या बाजारात हे जवळजवळ फुकट होतं.

टपरीला आनंद झाला असेल असं ज्यांना वाटतं त्यांनी टपरी पाहिलेली नाही. ‘डॉमिनार? हे काय नाव आहे?’ इथून सुरुवात. मग वजन. मग आरसे थरथरतात. टाकीवरचा छोटा मीटर बघायला मान वाकवावी लागते. केटीएमच्या ड्युकला तेवढ्याच सीसीत ४३ पीएस आणि आमच्याच वाट्याला ३५ का? २०१९ मध्ये कंपनीने ४० पीएस दिले, उलटे फोर्कही दिले. तेव्हा म्हणाले, जुनीच बरी होती, स्वस्त होती. २०२१ मध्ये कारखान्यातूनच उंच काच, हँडगार्ड आणि कॅरिअर लावून गाडी आली, तर म्हणाले, आता नुसती टूरर झाली, स्पोर्ट गेली. एसएस४०० मात्र आलीच नाही. तिच्याऐवजी २०१५ मध्ये दोनशे सीसीची आरएस२०० आली. आजही एसएस४०० चं नाव निघालं की काका कप खाली ठेवतात. तिचा आरसा कधी थरथरला नाही, तिची सर्व्हिसिंग कधी लांबली नाही.

त्याच एक्स्पोत हीरोने एचएक्स२५०आर दाखवली होती. तिच्यामागची अमेरिकी भागीदार कंपनी ईबीआर २०१५ मध्ये बंद पडली आणि गाडी राहूनच गेली. तिचाही एक भक्त टपरीवर आहे. तो जास्त बोलत नाही, बिल तेवढं देतो. म्हणून त्याला सांभाळून घेतात.

दरम्यान तिघे भारतीय रायडर याच नावं ठेवलेल्या डॉमिनारवरून आर्क्टिकपासून अंटार्क्टिकापर्यंत गेले. ९९ दिवस, ५१ हजारांवर किलोमीटर. ही बातमी टपरीवर पोचली तेव्हा तिथे डॉमिनारची सीट पुणे-कोल्हापूरला सोसेल का, यावर चर्चा रंगली होती. बातमीमुळे खंड पडू दिला नाही.

मध्यंतरी जीएसटीने घोळ घातला. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांना १८ टक्के आणि त्यावरच्यांना ४०. त्या रात्री आमची पाचशे सीसीची गाडी एका चहात ३४९ ची झाली. एवढ्या कमी खर्चात इंजिन बदलणं जगातल्या कुठल्याही कंपनीला जमलेलं नाही. सिलिंडर दोनच ठेवले, क्रूझ कंट्रोलही काढू दिला नाही. ब्रॅकेट तेच चालणार आहे.

ही गाडी चालवायची कुठे, असं मी एकदा विचारलं. (माझ्याकडे ११० सीसीची स्कूटर असल्यामुळे माझे प्रश्न पोरकट धरतात.) मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर दुचाकीला बंदी. नागपूर-मुंबई समृद्धी, ७०१ किलोमीटर, गाडीच्या जाहिरातीसाठीच आखल्यासारखा रस्ता: बंदी. अटल सेतू: बंदी. वांद्रे-वरळी सागरी सेतू आणि त्यापुढचा कोस्टल रोड: तिथेही बंदी. या राज्यात रस्ता जेवढा रुंद, सपाट आणि सलग, तेवढी त्याच्या तोंडाशी मोटरसायकलवर काट मारलेली पाटी मोठी. उरला जुना हायवे, बोरघाटात ट्रकच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये. आणि उरला मुंबई-गोवा, ज्याचं चौपदरीकरण पूर्ण होण्याची अफवा आमच्या गाडीच्या अफवेपेक्षा वयाने मोठी आहे. चौपदरी मिळालाच, तरी केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे दुचाकीची कमाल वेगमर्यादा ताशी ८०. म्हणजे दीडशेला न हलणारी गाडी घ्यायची आणि क्रूझ कंट्रोल ७९ वर लावायचा.

बंदीची कारणं मलाही कळतात. दुचाकीवाला मरतो तेव्हा लवकर मरतो, आणि एक्स्प्रेस वेवरच्या लेनची शिस्त आपण सगळ्यांनी पाहिली आहे. पण सायलेन्सर डावीकडे की उजवीकडे यावरून या टपरीवर अबोला धरला गेला आहे. या पाट्यांबद्दल इथून एक साधा अर्ज कुणी लिहिलेला नाही. मी तसं म्हटल्यावर सगळे क्षणभर गप्प झाले. मग कॉलेजचा पोरगा म्हणाला, ‘लेहला नेऊ ना!’ लगेच सगळ्यांना कंठ फुटला. पुणे-दिल्ली गाडी रेल्वेच्या पार्सलने जाणार आहे, हे मला नंतर कळलं.

आणि गेल्या रविवारी ती स्वतःच आली. काळ्या-पांढऱ्या नक्षीत, सर्व्हिस रोडवरून, टपरीसमोर स्टँडवर. उतरणाऱ्याचे बूट धुळीने भरलेले, जॅकेटवर कुठल्याही कंपनीचं नाव नाही. सगळी मंडळी गाडीला गराडा घालून उभी राहिली. आयटीवाला गुडघ्यावर बसला. चिलखताचा प्रथमच उपयोग झाला. काका सायलेन्सर मोजत होते. सगळ्यांनी फोटो काढले आणि प्रत्येकाच्या फोटोत दुसऱ्याचं डोकं आलं.

‘किती सीसी हो?’

‘काही विचारू नका साहेब, नोकरी जाईल.’

‘कधी येतेय एवढं तरी?’

तो नुसता हसला. मामांनी त्याच्यासमोर वडापाव सरकवला, बसायला स्टूल दिलं. त्याने ते नाकारलं आणि उभ्यानेच खाल्लं. आपल्यात खरा दूरचा प्रवास करणारा हा एकच माणूस आहे, दिवसभर हेच त्याचं काम आहे, हे कोणाच्या ध्यानात आलं की नाही कोण जाणे. निघताना त्याने पँटच्या मागची धूळ झटकली, जरा तिथेच हात दाबून धरला आणि मामांना म्हणाला, ‘सीट फार कडक आहे हो.’

तो वळणाआड जायच्या आत विश्लेषण सुरू झालं. सीट कडक, म्हणजे कल स्पोर्टकडे. म्हणजे हँडल खाली आणि फूटरेस्ट मागे. म्हणजे किंमत वीस हजारांनी वर. फोमवाल्या मेहुण्याला फोन लागला. त्याने ‘आपल्याकडून नाही गेला’ म्हटल्यावर फोम आयात केलेला आहे हेही निश्चित झालं. काकांना तेवढ्यात तीन ठिकाणी सायलेन्सर दिसल्याचं आठवलं. आयटीवाल्याने चहा संपायच्या आत ऑनलाइन जेलची सीट मागवली. गाडीचं मॉडेल निवडा, असं आलं तेव्हा त्याने ‘इतर’ दाबलं.