कोष्टकातला लेखापाल

महाराष्ट्र नागरी सेवा (सुधारित वेतन) नियम, 2019 यांनी ग्रेड वेतन, म्हणजे वेतनबँडातील पगारावर चढवलेली आणि प्रत्यक्षात कर्मचाऱ्याची पायरी सांगणारी रक्कम, निकालात काढून त्याऐवजी वेतनस्तंभांचे कोष्टक आणले, ज्यात उभ्या रकान्यातून पदाची पातळी आणि खाली उतरत जाणाऱ्या चौकटींतून वार्षिक वेतनवाढ कळते. थोडक्यात, कोष्टकात खाली जाणे म्हणजे वर चढणे, हे लेखाशास्त्राखेरीज अन्यत्र सहज पचणारे नाही. जुन्या मूळ वेतनाला 2.57 ने गुणून येणारी रक्कम आपल्या स्तंभातील तेवढ्याच किंवा लगतच्या वरच्या चौकटीत बसवणे, एवढेच वेतननिश्चितीचे गणित असले, तरी ते बरोबर असल्याचा शिक्का सेवापुस्तकावर वेतन पडताळणी पथकाकडून उमटवून घ्यावा लागतो, आणि हे पथक लेखा व कोषागारे विभागाचेच असते. साहजिकच ज्या लेखापालाने उभ्या जिल्ह्याच्या वेतनातील दमडीदमडीचा जादा हिशेब पकडला, त्याचे स्वतःचे सेवापुस्तकही त्याच रांगेत तिष्ठते, आणि त्यावर आक्षेप निघालाच, तर तो आपल्याच भाषेत, आपल्याच लाल शाईत आल्याचे समाधान त्याला लाभते. पदाचे वर्गीकरण बदलावे, ही मागणी मात्र वेतनत्रुटी निवारणासाठी नेमलेल्या समितीकडे जाते. तिथे समकक्षता, म्हणजे कोणते पद कोणाच्या तोडीचे, हा प्रश्न निघतो, आणि प्रत्येक संवर्गाला आपली तोड नेमकी एक स्तंभ वरच्यांतच सापडते.