सुधारक घरात शिरला

महाराष्ट्राला सुधारकांची परंपरा मोठी. आगरकरांनी 1888 साली ‘सुधारक’ काढला. त्यांच्या मतांवर चिडलेल्या पुण्याच्या सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. आजचा सुधारक असल्या भानगडीत पडत नाही. तो समाजाला वळसा घालून थेट स्वतःला सुधारायला घेतो. त्यात धोका कमी, आणि सोसायटीच्या ग्रुपवर अंगठे आणि जोडलेले हात भरपूर मिळतात.

हा सुधारक ओळखणं सोपं आहे. तो आकड्यांत बोलतो. पहाटे पाच, दहा हजार पावलं, एकवीस दिवस. “काय, कसं काय?” विचारलंत, तर “काल साडेनऊ हजारच झाली हो,” असं हळहळत सांगतो. हे आकडे आले कुठून, हे मात्र त्याला विचारू नये. देवाची जात विचारल्यासारखं होतं ते.

आपण विचारू. 1964 साली टोकियोत ऑलिंपिक झालं आणि जपानमध्ये व्यायामाची हवा सुटली. ती साधून 1965 मध्ये एका जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं आणि नावातच दहा हजार घालून टाकले. वैद्यकाचा त्यात फारसा हात नव्हता. पुढे 2019 मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी सरासरी 72 वर्षं वयाच्या बायकांची पावलं मोजली, तेव्हा साडेसात हजारांच्या आसपास फायदा वाढायचा थांबला. म्हणजे निदान आज्ज्या तरी वरची अडीच हजार पावलं जपानी जाहिरातीसाठी चालतात.

एकवीस दिवसांचं तर विचारूच नका. मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जननं 1960 साली लिहिलं की, पेशंटला नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान 21 दिवस लागतात. पुढे ‘निदान’ गळालं, चेहराही गळाला, उरले 21 दिवस. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या अभ्यासात सवय लागायला सरासरी 66 दिवस लागले. कुणाला 18, तर कुणाला 254 लागतील असा हिशेब निघाला. आपल्या पूर्वजांनी नव्याचे नऊ दिवस सांगून ठेवलेच होते. सवय सुटते कधी, हे त्यांनी मोजलं. तेच जास्त उपयोगी.

आमच्या शेजारचे नाना हे या पंथातले पोचलेले पुरुष. रात्री पावणेबाराला ते सोफ्याला प्रदक्षिणा घालत असतात, नजर मनगटावर. माई ओट्यापाशी विरजण लावून मटकी भिजत घालत असतात. “अगं, फ्रीजपाशी उभी राहू नकोस, माझा रस्ता अडतोय!” मध्यंतरी नातीनं गंमत म्हणून ते घड्याळ दिवसभर आजीच्या हातात बांधलं. संध्याकाळी सहाला ते थरथरलं आणि पडद्यावर फटाके उडाले : आजचं उद्दिष्ट पूर्ण. दुसऱ्या दिवशी नानांनी घड्याळ दुरुस्तीला टाकलं. चुकीचं मोजतंय म्हणाले.

खाण्याचंही तेच. 2018 च्या सुमारास मराठी माणसं दोन पंथांत विभागली गेली. डॉ. जगन्नाथ दीक्षित म्हणतात, दिवसातून दोनदाच जेवा आणि 55 मिनिटांत आटपा. ऋजुता दिवेकर म्हणतात, दर दोन तासांनी थोडं थोडं खा. कोण बरोबर, हा वाद ज्यांना घालायचा त्यांनी घालावा. नानांच्या घरात नाना दीक्षित आणि चिरंजीव दिवेकर. एकाचं जेवण घड्याळ लावून, दुसऱ्याचं अखंड. ओटा एकच, आणि ओट्यापाशी उभी असलेली बाईही एकच. “मधे मी पाण्याशिवाय काही घेत नाही,” असं नाना चारचौघांत सांगतात. मात्र नऊच्या ठोक्याला मोड आलेले मूग, चिरलेली काकडी, गरम भाकरी सगळं एकदम पुढ्यात लागतं, कारण 55 मिनिटं सुरू झालेली असतात. बावन्नाव्या मिनिटाला आरोळी येते, “अगं, ताक राहिलं!”

मोठ्या माणसांचे आकडे मोठे. नारायण मूर्तींनी 2023 मध्ये तरुणांना आठवड्याला 70 तास काम करायला सांगितलं. लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रमण्यन 2025 च्या सुरुवातीला 90 वर गेले. घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत बसणार, असाही सवाल त्यांनी टाकला. रविवारी बायको बघण्याइतका वेळ एका जागी बसलेली सापडते, हे गृहीतच थोर आहे.

एक आकडा मात्र कुठल्याच मनगटावर उमटत नाही. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार बिनपगारी घरकामात बाईची रोज सरासरी 289 मिनिटं जातात आणि पुरुषाची 88. ही 88 सुद्धा कामाला हात लावणाऱ्या पुरुषांची सरासरी. हातच न लावणारे त्यात धरलेलेच नाहीत. बाईचे आठवड्याचे जवळजवळ 34 तास होतात. त्यावर कुणी व्याख्यान देत नाही, की पहाटे पाचला उठल्याबद्दल माईंना कुठल्या क्लबात घेत नाही.

सुधारकांना नवा आकडा लागतोच, म्हणून सुचवतो. फ्रांचेस्को चिरिलो या इटालियन विद्यार्थ्याचं 1980 च्या दशकाच्या अखेरीस अभ्यासात लक्ष लागेना, तेव्हा त्याने स्वयंपाकघरातला टोमॅटोच्या आकाराचा टायमर उचलला आणि पंचवीस-पंचवीस मिनिटांचे तुकडे पाडून जगाला कार्यक्षमता शिकवली. तो टायमर आता परत जागेवर नेऊन ठेवावा. 289 आणि 88 यांतला फरक 201. त्यातला अर्धा वाटा उचलायचा तर होतात शंभर मिनिटं, म्हणजे बरोबर चार टोमॅटो. भांडी, केर, पोळ्या, निवडटिपण. वाकणं, उठणं, चालणं त्यातच होतं, वेगळी प्रदक्षिणा लागत नाही. मात्र चौथा टोमॅटो वाजला की ओटा पुसायचा असतो. तो कुठल्याच पुस्तकात मोजलेला नाही. फुकटात धरावा, इतकी वर्षं तसाच धरत आलोत.