मा. फ्लोराइड आयन यांस, खुले पत्र

मु. बोअरचे पाणी, जि. आदिलाबाद



आपला हिशेब चोख असतो, हे आधीच कबूल. खडकात एका कॅल्शियमच्या आधाराने आपण दोघे गुपचूप बसलेले असता. जमिनीतल्या पाण्यातून दोन बायकार्बोनेट येतात. मग कॅल्शियम कार्बोनेट होऊन खाली बसतो, पाण्याचा एक रेणू तयार होतो, कार्बन डायऑक्साइडचा एक, आणि आपण दोघे मोकळे! डावीकडे भार उणे दोन, उजवीकडे उणे दोन. ऑक्सिजन इकडे सहा, तिकडेही सहा. आमची दहावीची पोरं अणू जुळले की पेन खाली ठेवतात, भाराकडे ढुंकूनही बघत नाहीत. त्यांची शिकवणी आपणच घ्यावी.

दातांत तर आपली सफाई बघत राहावी. एक हायड्रॉक्साइड बाहेर, एक फ्लोराइड आत. दोघांवरही उणे एक भार, आकारही जवळपास सारखाच. समीकरणाला पत्ता लागत नाही. पत्ता लागतो तो आरशात, पोराच्या दातांवर तपकिरी पट्टे उमटल्यावर. आणि वर्षानुवर्षे तेच पाणी पीत राहिलं, तर पुढे वाकेनाशा झालेल्या कण्याला. (थोडक्यात आलात तर दात मजबूत करता, हेही खरं. पण थोडक्यात येणं आपल्या स्वभावात कुठे?) भारतीय मानकात आपल्याला लिटरमागे 1 मिलिग्रॅमची जागा आहे, दुसरं पाणीच नसेल तर 1.5. नेल्लोरकडचे आपले प्रताप 1937 सालीच छापून आले होते. पैनगंगेपलीकडे यवतमाळ-चंद्रपुरातही आपलं बस्तान आहे. राज्याची सीमा आपण मानत नाही.

आपल्याला परत कॅल्शियमच्या गळ्यात बांधावं म्हणून नुसता चुना टाकला, तरी लिटरला सुमारे 8 मिलिग्रॅम आपण पाण्यात उरताच. म्हणून नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेने चुन्याच्या जोडीला तुरटी घेतली आणि नलगोंड्याच्या नावाची पद्धत काढली. त्यातही मात्रा अंदाजपंचे चालत नाही. पाण्यात आपण किती आणि क्षारता किती, हे मोजूनच तुरटी ठरते.

कळावे, लोभ नसावा.

ता. क. (वाचकांसाठी): पाणी उकळून हे महाशय जात नाहीत, उलट पाणी आटतं तसे दाट होतात. चवीला, रंगाला, वासाला ते कळत नाहीत. घरचं पिण्याचं पाणी बोअरचं असेल, तर ते एकदा प्रयोगशाळेत तपासून घ्या.