टॉवेलांची राखण

सहकुटुंब पाण्याच्या ठिकाणी गेलं की एक पद आपोआप भरलं जातं : सामान सांभाळणारी बाई. तिला कोणी विचारत नाही, तीही कोणाला विचारत नाही. सगळे जण घड्याळं, चष्मे, मोबाइल तिच्या पुढ्यात टाकून पळतात आणि तिची नेमणूक झालेली असते. गणपतीपुळ्याला आणि वज्रेश्वरीच्या कुंडांवर मी हे पद भूषवलं आहे. त्यामुळे टेक्सासात मुलाकडे गेले असताना नातवंडांनी बार्टन स्प्रिंग्जचा धोशा लावला, तेव्हा मी मुकाट्याने मोठी पिशवी काढली आणि थालीपिठं लावायला घेतली.

"आई, आत खायला नेऊ देत नाहीत," सून म्हणाली.

पाण्यातून कुडकुडत बाहेर आलेलं पोर आणि त्याच्या हातात द्यायला काही नाही, हे दृश्य मला सहन होणारं नव्हतं. पण नियम तो नियम. डबा गाडीत राहिला. राखायला उरले फक्त टॉवेल, आणि ते त्या देशात कोणी चोरत नाही.

बार्टन स्प्रिंग्ज हे ऑस्टिन शहरातल्या झिल्कर पार्कमधलं सुमारे तीन एकरांचं तळं. म्हणायला स्विमिंग पूल. पण तळाला निळ्या फरशांऐवजी खडक, गोटे, शेवाळ आणि ये-जा करणारे मासे. एका ओढ्याच्या पात्रात बांध घालून ते केलंय. ओढ्याचं पाणी एरवी बोगद्यातून बाजूने काढून दिलेलं असतं आणि तळं भरतं ते खालून, खडकाच्या फटींतून उसळणाऱ्या जिवंत झऱ्यांनी. मोठा पूर आला की मात्र ओढा कोणाचं ऐकत नाही. बांधावरून तळ्यात शिरतो, गाळ टाकून निघून जातो आणि मागचं सगळं महानगरपालिका निस्तरते. हे मला अगदी घरचं वाटलं.

खरी गंमत पाण्याच्या थंडपणाची. ऑगस्टात बाहेर ३८ अंश असतात आणि पाणी असतं वीस-एकवीस. जानेवारीतही तेवढंच. आसपासच्या माळावर पडलेला पाऊस चुनखडीच्या भेगांतून खाली झिरपतो, जमिनीच्या पोटातून वाट काढत इथे येतो. आणि पोटात ना उन्हाळा पोचतो ना हिवाळा. विहिरीचं पाणी थंडीत कोमट आणि मे महिन्यात गार का लागतं, ते ज्याला ठाऊक आहे त्याला हे वेगळं सांगायला नको.

या पाण्यात माणसं उतरतात कशी, ते पाहायला काठावरच बसावं. मुलं उतरत नाहीत, पडतात. फळीवरून सूर मारतात, मुटका मारतात, वर येऊन किंकाळी फोडतात आणि पुन्हा रांगेत जाऊन उभी राहतात. मोठ्यांचं तसं नसतं. घोट्यापर्यंत सगळे शूर. गुडघ्यापर्यंत हास्य टिकून. पाणी कमरेला लागलं की मात्र गाडी अडते. एक गृहस्थ हात वर धरून बराच वेळ तसेच उभे होते, जणू त्यांना कोणी बंदूक दाखवली आहे. आमचे चिरंजीव दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून कसल्याशा ढगातल्या यंत्रणा सांभाळतात. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, डोळे मिटले आणि "हर हर गंगे!" अशी आरोळी ठोकून बुडी मारली. टेक्सासच्या भूमीवर हे शब्द ऐकून मला भरून आलं. आजूबाजूच्या कोणी वळूनही पाहिलं नाही. पौर्णिमेच्या रात्री इथे लोक जमून चंद्राकडे तोंड करून लांडग्यांसारखे ओरडतात म्हणे, तेव्हा आमच्या गंगेचं त्यांना काय नवल! (काठावर उन्हात पहुडलेल्या मंडळींच्या कपड्यांविषयी मी काही लिहिणार नाही. लिहिण्याइतके ते नव्हतेच.)

हॉलिवूडचा नट रॉबर्ट रेडफर्ड लहानपणी इथेच पोहायला शिकला. हे कळल्यावर मी त्या पाण्याकडे जरा निराळ्या नजरेने पाहिलं. नातवंडांनी विचारलं, तो कोण?

हे पाणी पूर्वी सगळ्यांचं मात्र नव्हतं. कृष्णवर्णीयांना इथे बंदी होती. १९६० साली जोन मीन्स नावाच्या शाळकरी मुलीला कळलं, की वर्गाची सहल झिल्कर पार्कला जाणार पण तिच्यासारख्यांना तिथे मज्जाव आहे. तिने सरळ पाण्यात उडी टाकली. मग इतर मुलंही येऊन उड्या मारू लागली, आणि थोड्याच वर्षांत बंदी गेली. महाडचं चवदार तळं पाहिलेल्या माणसाला ही गोष्ट समजावून द्यावी लागत नाही. तिथे १९२७, इथे १९६०.

शेवटी मीही सलवार गुडघ्यापर्यंत ओढून पाण्यात पाय सोडून बसले. इतक्यात नातू पोहत आला. "आजी, इथे सॅलमँडर राहतात. एवढुसे. त्यांचे कल्ले बाहेर असतात, लाल तुऱ्यांसारखे."

म्हणजे पाण्यातली पाल! मी पाय वर घेतले.

"पाल नाही गं, बेडकाचा कझिन," त्याने दुरुस्ती केली. हा बोटभर प्राणी जगात फक्त याच परिसरात सापडतो. झऱ्यांवरच्या माळावर सिमेंट पसरू नये म्हणून १९९२ साली ऑस्टिनकरांनी मतदान करून नियम करून घेतला आणि १९९७ मध्ये सॅलमँडरला संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत संरक्षण मिळालं. मला हे सारं मनापासून पटलं. तळ्याचा मूळ मालक तोच. बाकी आम्ही तिकीट काढून आलेले. पण पाय मी वरच ठेवले.

या मालकाच्या तब्येतीसाठी पाण्यात क्लोरिन घालत नाहीत. मग शेवाळ कसं काढायचं? हाताने. आठवड्यातून एकदा माणसं ब्रश आणि पाण्याचे पाइप घेऊन खडक घासत बसतात. त्या दिवशी दिवसभर पोहणं बंद. तो दिवस नेमका गुरुवार निघाला, तेव्हा दत्तमहाराजांचा वार टेक्सासपर्यंत पोचल्याचं मला समाधान वाटलं. मुलाने असं काही नसल्याचं सांगितलं. मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

तेव्हा मुलाबाळांकडे ऑस्टिनला जाणार असाल तर नातवंडांना घेऊन बार्टन स्प्रिंग्जला जरूर जा. फक्त गुरुवार सोडून.