फुलपाखराच्या भयाचे निवारण : बाधितांस काही सूचना

सर्पाला भिणाऱ्याच्या भयास धर्माचे आणि वैद्यकाचे दुहेरी पाठबळ आहे, पालीला भिणाऱ्याच्या बाजूने निदान घरातील निम्मी मंडळी साक्ष देतात. परंतु फुलपाखरू दिसताच छत्री उघडून आडोशास जाणाऱ्या प्रौढ, कमावत्या आणि एरवी अब्रूदार इसमाची कैफियत दाखल करून घेणारे दप्तर या भूतलावर नाही. “अहो, ते बिचारे काय करणार?” एवढ्यावर त्याचा अर्ज निकालात निघतो. ते काय करणार हे खुद्द त्या फुलपाखरालाही ठाऊक दिसत नाही, हीच तर बाधिताची मूळ तक्रार आहे! माजलेला वळू सरळ अंगावर येतो, म्हणून बाजूला तरी होता येते. पक्ष्यांच्या चोचीतून निसटण्यासाठी निसर्गाने ज्यास वेडेवाकडे उडण्याची सनद दिली, त्याच्या वाटेतून बाजूला व्हायचे म्हणजे नेमके कोठे?

प्रथम प्रतिपक्षाचा जाबजबाब घ्यावा. त्यास दात नाहीत, नांगी नाही. घड्याळातील कमानीसारखी गुंडाळलेली सोंड आहे, आणि तिने द्रवपदार्थ शोषण्यापलीकडे काही साधत नाही. मात्र ते पायांनी चव घेते आणि क्षारांच्या लोभाने घामावर बसते, सबब मनगटावर उतरलेले फुलपाखरू आपली चव पाहत असते, हे बाधिताच्या हिताचे नसले तरी सत्यास स्मरून नमूद करणे भाग आहे. हातरुमाल जवळ ठेवावा.

पुढील उपचार क्रमाक्रमाने करावा. 1924 साली मेरी कव्हर जोन्स या विदुषीने सशाला भिणाऱ्या एका बालकाचा जो वृत्तांत प्रसिद्ध केला, त्यात बालक आवडीचा खाऊ खात असता पिंजऱ्यातील ससा हळूहळू जवळ आणण्याची युक्ती सांगितली आहे. आपणही तसेच करावे, फक्त खाऊ म्हणून अतिपक्व आंबा निवडू नये; त्याच्या वासाने काही जातींची फुलपाखरे निमंत्रणावाचून पंगतीस येतात. आरंभ राणी पाकोळीच्या छापील चित्रापासून करणे इष्ट, कारण 2015 साली महाराष्ट्राने तिला राज्य फुलपाखराचा दर्जा दिल्यापासून तिला पाहून किंचाळणे राजनिष्ठेस शोभत नाही. त्यानंतर कढीपत्त्याच्या झाडावर जाऊन शत्रूची त्याच्या बाल्यावस्थेतच ओळख करून घ्यावी. तेथील कोवळे सुरवंट पक्ष्याच्या विष्ठेचे सोंग घेतात आणि डिवचल्यास डोक्यामागून दुर्गंधी शिंगे बाहेर काढतात. ज्याचे पूर्वचरित्र इतके अशोभनीय, त्याचा दरारा पुढे फारसा टिकत नाही, असे माझे मत आहे.

प्रत्यक्ष भेटीचा मुहूर्त मार्गशीर्षातील पहाटेचा धरावा. ऊन लागून अंग तापेपर्यंत फुलपाखरास उडता येत नाही, त्यामुळे तेवढ्या अवधीत वाटाघाटी आपल्या अटींवर चालतात. हे साधल्यावर ठाण्याच्या ओवळेकर वाडीसारख्या फुलपाखरांच्या उद्यानात भर उन्हात, छत्री मिटून, उभे राहण्यास हरकत नाही.

या काळात हसणाऱ्या आप्तेष्टांशी वाद घालू नये. श्रावणातील एखाद्या दमट रात्री दिव्याभोवती उडणारे झुरळ आपण होऊन घरात येतेच. त्या वेळी पलंगावर प्रथम कोण चढले, याचा रीतसर पंचनामा मात्र करून ठेवावा.