संकल्पवीरांची टाच

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पुण्यातल्या पर्वतीवर दोन प्रकारची माणसे दिसतात. एक, बारमाही चढणारे आजोबा: डोक्याला कानटोपी, चाल संथ, तोंड भरधाव. दुसरे संकल्पवीर: पंचेचाळिशीचे, बूट कोरे करकरीत, मनगटावर नाडी मोजणारे घड्याळ, आणि मध्ये टेकणे म्हणजे नामुष्की अशी ठाम समजूत. 103 पायऱ्या ते एका दमात चढतात आणि वर पोचल्यावर देवदेवेश्वराच्या आधी घड्याळाचे दर्शन घेतात.

खरी गोची उतरताना होते. चढताना मांडीचे स्नायू आखडून अंग वर ढकलतात. उतरताना तेच स्नायू ताणले जात असतानाच सगळे वजन आवरून धरतात. दम लागत नाही, म्हणून माणूस टणाटण उड्या मारत उतरतो आणि स्नायूंच्या धाग्यांना बारीक इजा होते ती नेमकी इथेच. बोंब मात्र उशिरा उठते. हे दुखणे 24 ते 72 तासांत कळसाला पोचते, त्यामुळे रविवारचा वीर मंगळवारी सकाळी कमोडवर बसताना टॉवेलच्या दांडीला लोंबकळतो.

यात घाबरण्यासारखे काही नाही. दोन्ही मांड्या सारख्याच ठणकत असतील तर चार-पाच दिवसांत आपोआप बरे वाटते. एकाच गुडघ्यात, एकाच जागी टोचत असेल, वर सूजही असेल, तर मात्र ‘चालून मोकळं होईल’ हे घराण्यात चालत आलेले औषध बंद करावे.

अवघड जागेचे दुखणे पुढेच असते. दम काही आठवड्यांत सुधारतो. स्नायू हाडाला बांधणाऱ्या कंडरा वाढलेला भार सोसायला महिने घेतात. या तफावतीतच माणूस फसतो. तिसऱ्या आठवड्यात धाप कमी होते, छाती फुगते आणि कोणीतरी म्हणते, ‘‘या रविवारी सिंहगड!’’ सोमवारी टाचेमागची जाड कंडरा सकाळी पलंगावरून उतरू देत नाही. त्यावरचा एक प्रचलित उपचार असा: पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभे राहायचे आणि टाच सावकाश खाली सोडायची. दिवसाला 180 वेळा, 12 आठवडे. संकल्पाची मुदत आपसूक वाढते.

मग घरात वाद पेटतो. आई आंबेहळद उगाळते, शेजारी बर्फ सुचवतो. बर्फाची शिफारस गाजवणाऱ्या अमेरिकी डॉक्टर गेब मिर्किन यांनी 1978 साली आराम, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणे अशी चौकडी सांगितली. पुढे 2014 मध्ये त्यांनीच लिहिले की बर्फ आणि पूर्ण आराम यांनी भरून येणे लांबू शकते. शेजाऱ्यापर्यंत ही बातमी अजून पोचलेली नाही.

कोल्हापूरच्या तालमींनी दुखापतीचा बंदोबस्त मुळातच केला होता. हौद्यातल्या लाल मातीत तेल, ताक, हळद, लिंबू घालायचे आणि कुस्तीआधी ती फावड्याने खणून मऊ करायची. खणणारा पठ्ठ्या घामाघूम होऊन तयार, आणि पडणाऱ्याला माती मऊ. फुटबॉलवाल्यांनी वीसेक मिनिटांची ठरावीक पूर्वतयारी नेमाने केली, तेव्हा एका मोठ्या अभ्यासात त्यांच्या दुखापती साधारण तिसऱ्या हिश्शाने घटल्या. जिममध्ये खणायला माती नसते. अंग गरम करायची दहा मिनिटे स्कूटर लावायला जागा शोधण्यात जातात आणि गडी थेट वजनाच्या दांडीखाली शिरतो.